ग्रिटव्हिकेन

ग्रिटव्हिकेन हे दक्षिण अटलांटिक महासागरातील साउथ जॉर्जिया या ब्रिटिश बेटावरील, देवमाशांच्या शिकारीचे बंद पडलेले केंद्र आहे. नावाचा अर्थ 'हंड्यांची खाडी' असा होतो. सीलची चरबी वितळवण्याचे जुने लोखंडी हंडे येथे सापडले होते. कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन दर्यावर्दीने १९०४ मध्ये अर्जेंटिनाच्या भांडवलावर हे केंद्र उभारले.

प्रारंभी शिकारीसाठी दूर जावे लागत नसे. देवमासे खाडीतच मिळत. हार्पूनने मारलेला देवमासा (नावात मासा असला तरी हा सस्तन प्राणी आहे) लाकडी फळ्यांच्या उतरत्या फरसावर यंत्राने ओढून घेत. लांब दांड्याच्या सुऱ्यांनी चरबीचे पट्टे सोलून काढत आणि ते वाफेच्या मोठमोठ्या टाक्यांत शिजवून तेल गाळत. आरंभीच्या वर्षांत उरलेला देह सरळ समुद्रात सोडून दिला जाई. पुढे मांस व हाडेही शिजवली जाऊ लागली आणि त्यांच्या भुकटीचे पशुखाद्य व खत होऊ लागले. तेलापासून साबण व कृत्रिम लोणी बनत असे. पहिल्या महायुद्धात त्यातील ग्लिसरिन स्फोटकांसाठी वापरले गेले.

या बेटावरील सर्व केंद्रांवर मिळून सुमारे १,७५,००० देवमासे कापले गेले. हा धंदा बंद पडला तो कोणाला दया आली म्हणून नव्हे, तर शिकारच उरली नाही म्हणून. १९६० च्या दशकाच्या मध्यास येथील भट्ट्या विझल्या.

२००३-०४ मध्ये ॲस्बेस्टॉस व साठलेले तेल हटवताना मोडकळीस आलेल्या इमारतींचे पत्रे उतरवण्यात आले. त्यामुळे गंजलेल्या टाक्या, बाष्पपात्रे व हाडे कापण्याची करवत आता उघड्यावर दिसतात. किनाऱ्याला 'पेट्रेल' ही १९२८ ची शिकारी नौका विसावली आहे. १९१३ चे लाकडी चर्च सुस्थितीत आहे, व्यवस्थापकाच्या घरात संग्रहालय आहे आणि जवळच्या दफनभूमीत ध्रुवप्रदेशांचे संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांची कबर आहे. १९८२ चे फॉकलंड युद्ध पेटण्यास याच बेटावरील लीथ या दुसऱ्या केंद्राचे भंगार निमित्त झाले होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

साउथ जॉर्जियाभोवती ४०,००० हून अधिक निळे देवमासे मारले गेले. त्यानंतर कित्येक दशके ते येथे क्वचितच दिसत. २०२० च्या पाहणीत मात्र ५५ निळ्या देवमाशांची नोंद झाली.