मिरवणुकीची शाळा

ब्राझील देशांत रिओ द जानेरो ह्या शहरीं 'सांबा-शाळा' नांवाच्या संस्था आहेत. ह्या शाळांत फळा नाहीं, हजेरीपट नाहीं. वार्षिक परीक्षा मात्र आहे, आणि ती इतकी कडक कीं, गुणांच्या एका दशांशानें पहिला क्रमांक जातो व शेवटीं येणाऱ्या शाळेला पुढील वर्षीं खालच्या वर्गांत बसावें लागतें. सारी नोकरी शाळेंत केलेल्या माझ्यासारख्या माणसास अशा शाळांविषयीं कुतूहल वाटावें, हें साहजिकच आहे. ह्या शाळा नाचाच्या व गाण्याच्या. त्यांची परीक्षा म्हणजे कार्निव्हलची मिरवणूक. त्याच मिरवणुकीची एक चुलत बहीण आपल्या शेजारीं, गोव्यांत नांदत आहे. आज ह्या दोघींची ओळख करून द्यावी, आणि आपणां कोल्हापूरकरांस तींतून कांहीं घेण्याजोगें आहे काय, हें पाहावें, असा माझा विचार आहे.

कार्निव्हल हा मुळांत उपवासापूर्वींचा सण होय. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर आपल्या पुष्कळशा सणांप्रमाणें चंद्राच्या कलांवर अवलंबून असतो. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. त्याच्या ४६ दिवस आधीं बुधवारीं कपाळास राख लावून उपवासकालास प्रारंभ होतो. मधले रविवार वगळले म्हणजे उपवासाचे दिवस ४० भरतात. ह्या काळांत मांसाहार व नाचरंग वर्ज्य मानण्याची जुनी चाल असल्यामुळें, आदल्या शनिवारपासून मंगळवारपर्यंत लोक हौस पुरवून घेत. श्रावण लागण्यापूर्वीं आषाढी अमावास्येला आपल्याकडील कांहीं मंडळी जी घाई करतात, तिच्याशीं ह्या चार दिवसांचें नातें सहज ध्यानांत येईल. पोर्तुगीज भाषेंत ह्या सणाचें जुनें नांव 'एन्त्रुदु', म्हणजे उपवासकालांतील प्रवेश. गोव्याच्या कोंकणींत त्याचेंच 'इंत्रुज' झालें.

आतां ब्राझील कोठें आणि गोवा कोठें, असें कोणी विचारील. इ. स. १५०० मध्यें काब्राल ह्या पोर्तुगीज दर्यावर्दीचें आरमार हिंदुस्थानास येण्यासाठीं निघालें, तें वाटेंत ब्राझीलच्या किनाऱ्यास लागलें आणि तेथून पुढें कालिकतला आलें. दहा वर्षांनीं, १५१० त, गोवा पोर्तुगीजांच्या हातीं गेला. अशा रीतीनें हे दोन किनारे एकाच धन्याच्या ताब्यांत आले. आज कोंकणाचें व गोव्याचें वैभव समजला जाणारा काजू मूळचा ब्राझीलचा, हें पुष्कळांस ठाऊक असेल. इंत्रुजाची चाल पोर्तुगालमधून ह्याच जलमार्गानें दोन्हीकडे पोंचली. तिचें जुनें रूप आपल्या रंगपंचमीसारखेंच होतें. ब्राझीलमध्यें लोक एकमेकांवर पाणी आणि सुगंधी पाण्यानें भरलेले मेणाचे गोळे फेंकीत. गोव्यांत पीठ किंवा लांकडाचा भुसा भरलेल्या कागदी पुड्या फेंकीत. पुढें मात्र दोन्ही बहिणींच्या वाटा निराळ्या झाल्या.

ब्राझीलमध्यें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८८८ सालीं. मोकळे झालेले पुष्कळ कृष्णवर्णीय लोक बाहिया प्रांतांतून रिओला येऊन बंदराजवळच्या वस्त्यांत राहिले. आफ्रिकेंतून आलेले त्यांचे ताल तेथील वयोवृद्ध बायकांच्या घरीं, अंगणांत जिवंत राहिले. सियाता मावशी ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बाईचें घर तर ह्या संगीताचें माहेरच होतें. पोलिसांचा ह्या गाण्याबजावण्यावर रोष असे. अशा स्थितींत १९२८ सालीं एस्तासिओ नांवाच्या वस्तींतील कांहीं तरुणांनीं एक मंडळी स्थापन केली आणि तिचें नांव ठेविलें 'बोलणाऱ्यांना बोलूं द्या'. जवळच शिक्षक तयार करणारी एक शाळा होती. तेथून जसे गुरुजी बाहेर पडतात, तसे आमच्या येथून सांबाचे गुरुजी बाहेर पडतील, अशा ऐटीनें आपल्या मंडळीस 'शाळा' म्हटलें गेलें, असें तिच्या संस्थापकांपैकीं इस्माएल सिल्वा हे सांगत. १९३२ त एका वृत्तपत्रानें ह्या मंडळ्यांची पहिली स्पर्धा भरविली. ती टेकडीवरच्या मांगेरा वस्तीच्या शाळेनें जिंकली. ही शाळा आजही त्याच हिरव्या व गुलाबी रंगांत मिरवते. १९८४ सालीं मिरवणुकीसाठीं सुमारे ७०० मीटर लांबीचा खास मार्ग बांधण्यांत आला. त्याचे शिल्पकार ऑस्कर निमेयर. मिरवणूक वर्षांतून थोडेच दिवस. एरव्हीं एवढ्या बांधकामाचें काय करावयाचें? म्हणून प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालीं मुलांसाठीं शाळेचे वर्ग काढण्यांत आले. ही योजना मला त्या साऱ्या थाटापेक्षां अधिक मोलाची वाटते.

मिरवणुकीची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक शाळा दरवर्षीं एक कथाविषय निवडते. त्यावर गाणें रचण्यासाठीं शाळेंतच चढाओढ लागते, आणि निवडलेलें गाणें सारी वस्ती कित्येक आठवडे सरावाच्या पटांगणांत म्हणून पाठ करते. मिरवणुकीच्या रात्रीं दोन-तीन हजार माणसें त्या एका गाण्यावर चालतात. अग्रभागीं कथेची प्रस्तावना करणारी छोटी तुकडी असते. शाळेचा ध्वज एक स्त्री घेऊन नाचते, आणि तिच्याभोंवतीं फिरणारा तिचा जोडीदार त्या ध्वजाचा मान राखतो. घेरदार झगे घालून गिरक्या घेणाऱ्या वृद्ध स्त्रियांचा एक ताफा प्रत्येक शाळेंत असलाच पाहिजे, असा नियम आहे. बाहियाहून आलेल्या त्या पहिल्या बायकांचें हें स्मरण होय. मागें अडीचशें-तीनशें वादकांचा ताफा. त्यांत फुंकून वाजवावयाचें वाद्य चालत नाहीं, सारा जोर चर्मवाद्यांचा व तालवाद्यांचा. मध्येंमध्यें मोठमोठे चित्ररथ. साऱ्यांनीं मिळून सुमारे सव्वा तासांत मार्ग ओलांडावयाचा. वेळ टळली कीं गुण कापले जातात. परीक्षक वाद्यें, गाणें, कथाविषय, पोषाख, चित्ररथ, ध्वजाची जोडी असे निरनिराळे गुण देतात.

ह्या कथाविषयांत मोठी शक्ति आहे. १९६० सालीं साल्गेरो नांवाच्या शाळेनें पळून गेलेल्या गुलामांनीं सतराव्या शतकांत अरण्यांत वसविलेल्या पाल्मारिस राज्याची कथा मिरवणुकींत मांडली. २०१९ सालीं मांगेरानें, पाठ्यपुस्तकांनीं ज्यांना वगळलें अशा आदिवासी व कृष्णवर्णीय वीरांचा इतिहास रस्त्यावर आणला, आणि त्या वर्षींचा पहिला क्रमांकही मिळविला. ज्यांस लिहिण्यावाचण्याची संधि पिढ्यान् पिढ्या नाकारली गेली, त्या लोकांनीं आपल्या इतिहासाचा पाठ नाचून व गाऊन साऱ्या देशास दिला. शाळा हें नांव मग थट्टेचें राहत नाहीं.

शाळेचा खरा कस लागतो तो संकटांत. २०११ च्या फेब्रुवारींत, मिरवणुकीस महिना उरला असतां, शाळांच्या कारखान्यांस आग लागून तीन शाळांचे रथ व हजारों पोषाख जळाले. त्या तिन्ही शाळांनीं उरल्या दिवसांत हातीं लागेल त्या सामानांतून पुन्हां तयारी केली व त्या मिरवणुकींत उतरल्या. त्या वर्षीं त्यांस गुण द्यावयाचे नाहींत आणि कोणत्याही शाळेस खालीं उतरवावयाचें नाहीं, असें ठरलें. ह्या शाळांचें सारेंच स्वच्छ आहे, असें मात्र कोणी समजूं नये. प्राण्यांच्या चित्रांवर चालणारा एक बेकायदा आंकड्यांचा जुगार, आपल्या मटक्याचा भाऊ, तेथें आहे. त्याच्या चालकांच्या पैशावर अनेक शाळा पोसल्या गेल्या, आणि १९९३ त त्यांतील बड्या बड्या चालकांस न्यायालयानें शिक्षाही दिली. आतां परदेशीय पाहुणेही पैसे भरून पोषाख घेतात व मिरवणुकींत चालतात. तरीसुद्धां गाणें पाठ करणारी, शिवणारी आणि वाजविणारी वस्ती जागेवर आहे, तोंपर्यंत शाळा टिकून आहे.

आतां गोव्याकडे वळूं. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. तोंवर मंदावलेल्या इंत्रुजास १९६५ सालीं पणजीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीनें नवें रूप आलें. तिमोतेओ फर्नांडिस ह्यांचें नांव ह्या कामीं आदरानें घेतलें जातें. मिरवणुकीचा नायक राजा मोमो. थट्टेचा जो ग्रीक देव मोमस, त्याचा हा वंशज. रिओलाही हाच राजा असतो. मुकुट घालून तो आज्ञापत्र वाचतो: खा, प्या आणि मजा करा! सामान्यतः शनिवारीं पणजी, रविवारीं मडगांव, सोमवारीं वास्को व मंगळवारीं म्हापसा असा त्याचा दौरा चालतो.

पणजीची मिरवणूक मीं शनिवारच्या दुपारीं उन्हांत उभें राहून पाहिली आहे. नारळ पाडणारे पाडेली, पाव भाजणारे पोदेर, माडाची सूर काढणारे रेंदेर, रापण ओढणारे कोळी असे जुने व्यवसाय दाखविणारे रथ पाहून मन प्रसन्न झालें. त्यांवरील माणसें नट नव्हतीं; पाव भाजण्याचा अभिनय करणारा म्हातारा हात कसा फिरवितो, एवढ्यावरूनच तें कळत होतें. परंतु त्यांच्या मागोमाग व्यापारी जाहिरातींचे रथ आले, कर्णे लागले, आणि भाड्यानें आणलेलें संगीत सुरू झालें. त्या रथांना गांव नव्हता व गल्लीही नव्हती. बाजूस उभा असलेला गोंयकार हातांतील यंत्रावर छायाचित्रें घेत होता. आपल्याच सणांत तो पाहुणा झाला होता. गोव्यांतील ख्रिस्ती धर्मगुरूंनीं व विचारी लोकांनीं ह्या मिरवणुकीवर वेळोवेळीं जो आक्षेप घेतला आहे, त्याचें मूळ हेंच असावें, असें मला वाटतें.

इंत्रुज खरा राहिला आहे तो खेड्यांत. साष्टी तालुक्यांत ह्या दिवसांत 'खेळ' होतात. त्यांस रंगमंच नको. अंगणांत किंवा मोकळ्या जागेंत, कर्णा व ढोल घेऊन गांवचींच माणसें छोटीं नाटकें करतात आणि एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जातात. त्यांत भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, आणि गांवांतील ढोंगाची खुशाल टर उडविली जाते. दिवाडी बेटावर मुखवटे घालून व घंटा बांधून 'पोतेकार' मुलांस भिववीत फिरतात. येथें पाहणारा आणि करणारा ह्यांत अंतर नाहीं, कारण दोघेही एकमेकांस वर्षभर ओळखतात. रिओची शाळा आणि साष्टीचा खेळ ह्यांचें खरें नातें ह्या ठिकाणीं आहे.

श्रोतेहो, कोल्हापुरास अशी शाळा नव्यानें काढावयास नको. ती आपल्या पेठापेठांतून उभी आहे. तिचें नांव तालीम. कुस्तीसाठीं निघालेली ही संस्था आज पेठेचा गणपति बसविते, फुटबॉलचा संघ चालविते, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत मदतीस धांवले तेही ह्याच पेठांतील तरुण. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हीं नांवें उच्चारतांच कोणाच्या अंगांत वारें शिरतें, हें मी सांगावयास नको. मांगेराचा हिरवा-गुलाबी रंग आणि आपल्या तालमींचे रंग ह्यांतील अभिमान एकाच जातीचा.

पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीकडे पाहावें, तर तेथें पणजीच्या जाहिरातरथांचीच आठवण होते. ध्वनियंत्रांची भिंत भाड्याची, दिव्यांचे झोत भाड्याचे, गाणीं दुसऱ्याचीं. पेठेच्या पोरांनीं त्यापुढें केवळ हात वर करून उड्या माराव्या. घरांतील आजारी माणसांचे व तान्ह्या मुलांचे हाल होतात, ते निराळेच. उलट, हलगी-घुमकें-कैताळ वाजूं लागलें, लेझीम फिरूं लागलें, एखाद्या वस्तादानें तयार केलेली मुलें-मुली मर्दानी खेळांत लाठी नि दांडपट्टा चालवूं लागलीं, कीं तीच गर्दी आपोआप मागें सरून जागा करून देते. लेझीम एका दिवसांत येत नाहीं. त्यासाठीं दोन महिने संध्याकाळीं तालमींत यावें लागतें, आणि येणाऱ्या पोराचें नांव, घर, अभ्यास, संगत हें सारें वडीलधाऱ्यांच्या नजरेखालीं राहतें. भाड्याच्या भिंतीबरोबर हे दोन महिने पेठेच्या हातून जातात. खरा तोटा हा आहे.

तालमींनीं दरवर्षीं आपला एक कथाविषय निवडावा, एवढीच माझी सूचना आहे. विषयांची वाण नाहीं. शाहू महाराजांनीं १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. बाबूराव पेंटरांनीं ह्याच गांवांत चित्रपटाचा कारखाना उभारला. खासबागेच्या आखाड्यांत मल्लांच्या पिढ्या घडल्या. पेठेंतल्या कोणीं गाणें रचावें, कोणीं पोषाख शिवावे, आयाबहिणींनीं ध्वज धरावा, आणि पोरांनीं तें गाणें पाठ करून मिरवणुकीचा मार्ग चालावा. यंदा ज्या घरांतील मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्या घरांतील वडिलांनीं श्रावण लागण्यापूर्वीं एकदां तालमीच्या पायरीवर जाऊन हा विषय काढावा, अशी माझी विनंति आहे.