खतावणी आणि तंबोरा

आपल्या छत्रपती संभाजीनगरात गाण्याच्या, नाटकाच्या, चित्रकलेच्या लहानमोठ्या संस्था आहेत आणि प्रत्येक संस्थेला एक कार्यवाह असतो. हा गृहस्थ बहुधा मुळात कलावंतच असतो. तो बरा गातो किंवा बरे नाटक बसवतो, शिवाय त्याचे अक्षर चांगले असते, म्हणून चार मित्र आग्रह करून त्याच्या गळ्यात कार्यवाहपदाची माळ घालतात. मग राज्य नाट्य स्पर्धेचा प्रवेशअर्ज, संहितेसाठी परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, नाट्यगृहाची तारीख, देणगीच्या पावत्या, वर्षअखेरीची हिशेबतपासणी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावयाचा ताळेबंद, निवडणूक झाली की बदल अर्ज, हे सारे त्याच्याकडे येते. पाच वर्षांनी संस्था सुरळीत चालू लागते आणि कार्यवाहांचा तंबोरा कोपऱ्यात गवसणीत पडून असतो. कोणी विचारलेच तर ते म्हणतात, “वेळ कुठे मिळतो हो!”

हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. दुकानदाराला, शिक्षकाला, बँकेतल्या कारकुनालाही वेळ मिळत नाही. तरी त्यांच्यातले पुष्कळ जण रात्री तासभर रियाज करतात. कलासंस्थेच्या कारभाऱ्याची अडचण निराळी आहे. दुकानदार दिवसभर कापड मोजून घरी येतो, तेव्हा आज गाणे झाले नाही हे त्याला ठाऊक असते. कार्यवाह मात्र दिवसभर गाण्याचेच काम करून येतो. बैठकीची व्यवस्था केली, गवयाला स्टेशनवरून आणले, सतरंज्या मोजून परत केल्या. कलेची सेवा झाली असे मनाला समाधान मिळते. आणि ते समाधान खरेच असते, म्हणूनच ते घातक ठरते. भूक मेली की माणूस पानावर बसत नाही.

मग ही दोन कामे एका माणसाने करूच नयेत काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जायला नको. शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तेथे यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या दरबारी श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या दप्तराचा आणि हिशेबाचा प्रमुख अधिकारी होता शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरातून दक्षिणेत आले. वडील सोढल ह्यांनीही यादवांच्या पदरी हेच काम केले. असा हा दोन पिढ्यांचा हिशेबनीस. आणि ह्याच हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे पंडित आजही ज्या ग्रंथाकडे वळतात तो हा ग्रंथ.

ह्या ग्रंथात दप्तराचा हात जागोजाग दिसतो. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे त्याचे सात अध्याय आहेत आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या खात्यावर टाकलेली आहे. उत्तम गायकवृंद कसा असावा? शार्ङ्गदेव नुसते वर्णन करीत नाही, आकडे देतो: मुख्य गायक ४, साथीचे गायक ८, गायिका १२, बासरीवादक ४, मृदंगवादक ४. एकूण बत्तीस माणसे झाली. कचेरीचा नोकरवर्ग मंजूर करणाऱ्याची ही सवय आहे.

दुसरे उदाहरण तानांचे. एका स्वराची मांडणी एकच. दोन स्वरांच्या दोन, तिनांच्या सहा, चारांच्या चोवीस, आणि असे गुणत गेले की सात स्वरांच्या ५०४० मांडण्या होतात. हा सारा प्रस्तार लिहून काढणे जिकिरीचे. त्यासाठी शार्ङ्गदेव ‘खंडमेरू’ नावाचा कोठा देतो. त्याच्या साहाय्याने क्रमांक दिला की तान सापडते, ह्याला ‘नष्ट’ म्हणतात. तान दिली की क्रमांक सापडतो, हे ‘उद्दिष्ट’. जावक क्रमांकावरून कागद काढावा आणि कागदावरून जावक क्रमांक सांगावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे कागदाच्या जागी स्वर आहेत.

तात्पर्य, कचेरीचे काम कलेचे शत्रूच असते असे नाही. तेथे हाताला लागलेली शिस्त कलेकडे वळवता येते. पण ती आपोआप वळत नाही, वळवावी लागते. त्याची गोष्टही ह्याच किल्ल्यावरची आहे.

सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्याजवळ शिष्य म्हणून राहत. हिशेबाचे काम नाथांकडे होते. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक आली. नाथ रात्रभर दिवा लावून बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिले आणि सांगितले, की एका पैसाठी जी एकाग्रता लावलीस ती परमार्थात लावलीस तर काय होईल! आपण लहानपणापासून ही आख्यायिका ऐकतो आणि परमार्थाचा उपदेश म्हणून सोडून देतो. पण पुढचे पाहा. १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, नाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठाचे शुद्धीकरण केले. नकलांमधून शिरलेल्या चुका हुडकणे हे पै हुडकण्याच्याच जातीचे काम होते. दिवा तोच, डोळा तोच, फक्त वही बदलली.

जनार्दनस्वामींविषयीही परंपरा एक गोष्ट सांगते. दर गुरुवारी किल्ल्याचे कामकाज बंद राही, कारण तो दिवस त्यांच्या दत्तोपासनेचा होता. किल्लेदाराला काय कामे थोडी असतील? तरीही सवड सापडली तर उपासना करू, असे त्यांनी ठेवले नाही. वार आधी ठरवला आणि किल्ल्याचा कारभार उरलेल्या सहा दिवसांत बसवला.

तिसरा मार्ग अजिंठ्याला दिसतो. जॉन ग्रिफिथ्स हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील चित्रकार अध्यापक, पुढे तेथेच प्राचार्य झाले. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड घेत, ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत गेले आणि भित्तिचित्रांच्या प्रती त्यांनी करवून घेतल्या. शाळेचे काम, विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि स्वतःची चित्रदृष्टी ही तिन्ही त्यांनी एकाच गाड्याला जुंपली. त्यांतल्या पुष्कळ प्रती लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या, तरी १८९६–९७ मध्ये त्यांनी दोन खंडांत ग्रंथ प्रसिद्ध केला. भिंतीवरची चित्रे त्यानंतर आणखी झिजली असल्याने आज त्या कामाचे मोल अधिकच वाढले आहे. पदावर असल्यामुळे जे करता येते ते कोणते, हा प्रश्न त्यांनी विचारला. नुसते पदामुळे काय करता येत नाही, ह्याचीच यादी करीत ते बसले नाहीत.

आजही हा संसार आपल्या शहरात चालू आहे. महागामी गुरुकुलाच्या संचालक पार्वती दत्ता ह्या स्वतः कथक आणि ओडिसीच्या नर्तकी आहेत. आणि ह्या गुरुकुलाच्या वार्षिक समारोहाला शार्ङ्गदेवाचेच नाव आहे.

आता आपल्या कार्यवाहांसाठी तीन साध्या गोष्टी सांगून आटोपतो. पहिली, टपाल उघडण्यापूर्वी तंबोरा उघडावा. सकाळी पहिला कागद वाचला की मन त्या कागदाचे होते. मग संध्याकाळपर्यंत ते परत येत नाही. दुसरी, रियाजाची रोजकीर्द ठेवावी. आपण संस्थेचा आणा-पैसा लिहितो. आज किती गायलो हेही लिहावे. महिनाअखेर खर्चाची बाजू भरलेली आणि जमेची कोरी दिसली, म्हणजे दुसऱ्या कोणी तपासायला नको. तिसरी, वर्षातून निदान एकदा कार्यवाहाने स्वतः श्रोत्यांपुढे बसून गावे. ज्याला स्वतःला व्यासपीठाची धास्ती आठवते, तो दुसऱ्या कलावंताला नाट्यगृहाच्या दारात ताटकळत ठेवीत नाही.

चौथी गोष्ट मात्र आपणा सभासदांसाठी आहे. चांगला कार्यवाह मिळाला की आपण त्याला वीस वर्षे सोडत नाही, आणि त्याला कृतज्ञता म्हणतो. तीन वर्षांनी दुसऱ्याने खतावणी उचलावी. पहिल्याने त्याला ती लिहायला शिकवावी आणि मोकळे व्हावे. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यापेक्षा, पुढच्या बैठकीत त्याला तासभर गायला बसवावे आणि आपण सतरंजीवर बसून ऐकावे.