बाळ बरे आहे, बाळंतिणीचे काय?

घरात बाळ आले की सगळ्या घराचे लक्ष पाळण्याकडे लागते. वजन किती भरले, दूध पुरते का, रात्री झोपते का, याची चौकशी दहा जण करतात. बाळंतिणीकडे दुर्लक्ष होते असे नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, अंगाला तेल, शेक-शेगडी सारे यथासांग होते. परंतु 'तुझ्या मनाला कसे वाटते?' असे तिला क्वचितच कोणी विचारते. आज त्या मनाविषयीच लिहायचे आहे.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून अधिक स्त्रियांना उगीचच रडू येते, चिडचिड होते. गरोदरपणात वाढलेली संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, एकदम खाली आलेली असतात. त्यात जागरण आणि अंगदुखी यांची भर पडते. हा आजार नव्हे. धीर, विश्रांती व पोटभर जेवण मिळाले की दोन आठवड्यांच्या आत मन ताळ्यावर येते.

दोन आठवडे उलटूनही उदासपणा हटत नसेल, तर मात्र ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते. बाळ झोपले तरी हिला झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशातच रस नाही, बाळाबद्दल माया वाटत नाही किंवा त्याच्या काळजीने जीव सारखा धास्तावलेला, आणि 'मी चांगली आई नाही' हा विचार मनातून जात नाही, ही त्याची लक्षणे होत.

डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील मातांची पाहणी करून २००२ साली ती प्रसिद्ध केली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध असतील तेथे त्याचा धोका अधिक होता, आणि अशा घरात मुलगी जन्मली तर तो आणखी वाढत असे. यातील सहा-आठ आठवडे हा काळ लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण सासरी जाण्याच्या गोष्टी सुरू होतात. म्हणजे मन सर्वांत नाजूक असते, नेमकी त्याच सुमारास आईची सोबत सुटते आणि चूल, धुणी, पाहुणे हे सारे पुन्हा अंगावर येते.

माझ्या दवाखान्यात एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. बाळ दोन महिन्यांचे. "डॉक्टर, हिला दूध नाही, काहीतरी टॉनिक द्या," एवढीच तक्रार. सासूबाईंना बाहेर बसवून मी सुनेशी बोललो. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मी नसते तर बाळाला यापेक्षा बरी आई मिळाली असती." टॉनिकच्या चिठ्ठीवर हा विषय संपला असता, तर पुढे काय झाले असते कोण जाणे! रक्त तपासले, हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले, त्यावर उपचार सुरू केले. तिला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवले. नवऱ्याला बोलावून घेतले. सासूबाई आधी म्हणाल्या, "आम्ही काय मुले काढली नाहीत?" पण हा आजार आहे, नखरे नव्हेत, हे पटल्यावर रात्री पाजून झालेले बाळ त्या स्वतःच्या कुशीत घेऊ लागल्या. सुनेला सलग चार-पाच तास झोप मिळू लागली. औषध चालू होतेच. दोन-अडीच महिन्यांत ती हसू-बोलू लागली.

घरच्यांनी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. बाळंतिणीला सलग झोप मिळेल अशी पाळी लावावी. नवऱ्याने रोज थोडा वेळ बायकोजवळ बसावे, उपदेश न करता ऐकावे आणि बाळाचे लंगोट बदलण्यात कमीपणा मानू नये. माहेर-सासरच्या मंडळींनी तिला कधी न्यायचे हे तिच्या प्रकृतीकडे पाहून ठरवावे. 'मुलगीच झाली' हा टोमणा उंबऱ्याबाहेर ठेवावा. प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी येतात, त्यांच्याकडे बाळाबरोबर आईचीही तक्रार सांगावी. दूध पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे आहेत, मात्र ती डॉक्टरांनीच ठरवावीत आणि मनाने बंद करू नयेत.

एक गोष्ट मात्र तातडीची. बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली, किंवा स्वतःच्या वा बाळाच्या जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागली, तर तिला व बाळाला क्षणभरही एकटे सोडू नका. बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी मन मोकळे करण्यासाठी व सल्ल्यासाठी २०२२ साली सुरू झालेली सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६.

बारशाला जाल तेव्हा पाळण्यात डोकावण्याआधी बाळंतिणीजवळ दोन मिनिटे बसा. "झोप लागते का गं?" एवढे विचारले, तरी तिला बोलायला वाट मिळेल.