एका गावाची दोन नावं

पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या विमानतळाला लागून संयुक्त राष्ट्रांचा तळ होता. 12 जानेवारी 2010च्या भूकंपानंतर हैतीतल्या मदतीच्या बैठका तिथं भरू लागल्या. पाण्याची वेगळी, आरोग्याची वेगळी, निवाऱ्याची वेगळी. बोलणं बहुतेक इंग्रजीत. बाहेर रस्त्यावर क्रेयोल, सरकारी कागद फ्रेंच. फाटकावर ओळखपत्र विचारत. कोणत्या गल्लीत पाणी पोचलं नाही हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांतले कितीतरी जण फाटकाबाहेरच राहिले.

माहिती कमी नव्हती. उपग्रहाची ताजी छायाचित्रं खुली झाली आणि जगभरातल्या सहाशेहून अधिक हौशी लोकांनी ओपनस्ट्रीटमॅपवर काही आठवड्यांत शहराचा गल्लीबोळांसह नकाशा काढला. 4636 या क्रमांकावर येणारे क्रेयोल एसएमएस परदेशी गेलेले हैतीयन घरबसल्या इंग्रजीत करून देत. कौतुक या नकाशांचं फार झालं, आणि ते रास्तच. पण घोडं अडलं ते साध्या तक्त्यापाशी.

मदतकार्यात 'थ्री डब्ल्यू' नावाचा एक तक्ता असतो : कोण, काय, कुठं करतंय. प्रत्येक संस्था आपापला भरते. आता 'कुठं'चा रकाना बघा. एकानं लिहिलं कार्फूर, दुसऱ्यानं क्रेयोल उच्चारानं काफू, तिसऱ्यानं कार्फूर-फय. पहिली दोन एकच गाव, तिसरी राजधानीतली निराळीच वस्ती. संगणकाला तिन्ही वेगळी दिसतात. घाईतल्या माणसाला तिन्ही एकच वाटतात. दोन्हीकडून घोटाळा. एकीकडे दोनदा ताडपत्री, दुसरीकडे एकदाही नाही. आपण हसायचं कारण नाही. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, पेठ वडगाव; आणि यादीत नुसतं 'वडगाव'.

यावरचे उपाय अगदी रुक्ष आहेत, म्हणून मला आवडतात. पहिला, प्रत्येक ठिकाणाला ठरावीक संकेतांक. याला मदतकार्यातली मंडळी 'पी-कोड' म्हणतात. दुसरा एचएक्सएल : तक्त्याचे मथळे आपल्या भाषेत खुशाल ठेवा, फक्त त्यांच्याखाली एक ओळ घालून हॅशचं चिन्ह लावलेले सर्वांनी ठरवलेले शब्द लिहा. मग फ्रेंच आणि इंग्रजी तक्ते यंत्र बिनबोभाट जोडतं. 2014 साली संयुक्त राष्ट्रांच्या मदत-समन्वय कार्यालयानं असे तक्ते ठेवायला एचडीएक्स हे सामाईक कोठार उघडलं.

मात्र तक्ता वाटणं वेगळं आणि माणसांची नावनिशी वाटणं वेगळं. बांगलादेशातल्या छावण्यांत रोहिंग्यांची नोंदणी झाली, कारण त्यावर शिधा मिळणार होता. ह्यूमन राइट्स वॉचनं जून 2021मध्ये सांगितलं, की बांगलादेशानं किमान 8 लाख 30 हजार नावं म्यानमारला दिली. ज्याच्या लष्कराच्या भीतीनं ही माणसं पळाली, त्याच देशाला. परतीच्या पडताळणीसाठी, असं कारण. निर्वासितांची संमती घेतली होती, असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं म्हणणं. शिध्याच्या रांगेत उभ्या माणसाच्या 'हो'ला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. समन्वयासाठी गाव, कुटुंबसंख्या, गरज एवढं पुरतं. नाव आणि अंगठा लागत नाही.

2011च्या जनगणनेत आपल्याही प्रत्येक खेड्याला पी-कोडसारखा सहा अंकी क्रमांक मिळालेला आहे. पुढच्या पावसाळ्यात पूरग्रस्तांसाठी टेम्पो भरून निघाल, तेव्हा यादीत गावाच्या नावाशेजारी तालुका आणि तो क्रमांक तेवढा लिहा.