मुलाचे ‘रुळणे’

दुसऱ्या महायुद्धानंतरही इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांचा शिरस्ता असा असे, की मूल एकदा दाखल झाले म्हणजे आईबापांस ठराविक वारी, तीही अल्पकाळ, भेटीची मुभा मिळे. आणि समर्थनार्थ सांगितले जाई ते हे, की आई आली म्हणजे मूल रडते, न आली म्हणजे शांत राहते. या शांततेचे खरे स्वरूप ओळखणारे जेम्स रॉबर्टसन हे बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉईड यांच्या युद्धकालीन शिशुगृहात काम केलेले निरीक्षक होते. आईपासून तुटलेले लहान मूल प्रथम आक्रोश करते, मग निराशेने मूक होते आणि अखेरीस आईविषयीच उदासीन होते, असा क्रम त्यांनी नोंदला. परिचारिका ज्यास मूल रुळले असे समजत, ती बहुधा दुसरी किंवा तिसरी अवस्था असे. शब्दांनी वैद्यकांची खात्री पटेना, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचे चित्रण करून त्यांनी १९५२ साली तो चित्रपट लंडनच्या वैद्यकसभेपुढे ठेवला. मुलगी फारशी रडत नाही, आणि पाहणाऱ्यास नेमके तेच असह्य होते. सभेचे मत प्रतिकूल पडले, यात नवल ते काय! पुढे १९५९ साली रुग्णालयांतील मुलांच्या प्रश्नावर नेमलेल्या प्लॅट समितीने भेटीवरील निर्बंध उठवावेत व लहानग्यांबरोबर आईसही राहू द्यावे, अशी शिफारस केली. परंतु अंमलबजावणी रुग्णालयांच्या मर्जीवर राहिल्याने १९६१ साली मातांनाच त्यासाठी संघटना स्थापावी लागली.