उशिरा लाभलेले सुवर्णपदक



पदक ही राष्ट्राने आपल्या ऋणाची दिलेली पोच होय. ही पोच फार विलंबाने मिळाली, अशी एक हकीकत वरच्या इयत्तांस अवश्य सांगावी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेस वैमानिकांची चणचण भासू लागली. पुरुष वैमानिकांना रणभूमीवर जाता यावे, म्हणून देशातील विमानकार्यासाठी १९४२ साली स्त्रियांची दोन पथके निघाली. नॅन्सी लव्ह व जॅकलिन कॉक्रन या त्यांच्या प्रमुख होत. ऑगस्ट १९४३ मध्ये ती एकत्र होऊन 'वास्प' हे पथक झाले. सुमारे २५,००० अर्जदारांपैकी १,८३० जणींना प्रवेश मिळाला व १,०७४ जणी उत्तीर्ण झाल्या.

कारखान्यातील नवी विमाने तळांवर पोहोचविणे व दुरुस्त विमाने उडवून पारखणे, ही त्यांची कामे. याहून जोखमीचे काम म्हणजे विमानामागे कापडी निशाण ओढीत नेणे. जमिनीवरील शिकाऊ तोफची त्यावर खरा दारूगोळा डागीत. सेवेत ३८ जणी मृत्युमुखी पडल्या. तथापि त्या मुलकी नोकर गणल्या गेल्यामुळे त्यांना लष्करी इतमाम लाभला नाही. शव घरी धाडण्यासाठी मैत्रिणींना वर्गणी काढावी लागे. २० डिसेंबर १९४४ रोजी पथक विसर्जित झाले.

माजी सैनिकांचा दर्जा देणारा कायदा १९७७ साली झाला. पुढे १ जुलै २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी काँग्रेसच्या सुवर्णपदकाच्या कायद्यावर सही केली आणि १० मार्च २०१० रोजी वॉशिंग्टन येथील संसदभवनात ते अर्पण झाले. सुवर्णपदक सर्वांचे मिळून एकच; ते स्मिथसोनियन संस्थेत ठेवण्याचे ठरले. वैमानिक स्त्रियांस त्याच्या कांस्य प्रतिकृती मिळाल्या. दर्शनी बाजूस वैमानिक स्त्रीची मुद्रा व उड्डाण घेणारे विमान कोरलेले आहे.

पाठ घेताना हे सन फळ्यावर मांडून मुलांकडून वजाबाकी करवून घ्यावी. १९४४ साली २० वर्षांची असलेली तरुणी २०१० साली ८६ वर्षांची झाली, हे उत्तर मुलांनी स्वतः काढले म्हणजे विलंबाचा अर्थ त्यांच्या मनावर ठसेल. पदकाच्या वेळी सुमारे ३०० जणीच हयात होत्या.

आपल्या वर्गातही धाकट्या भावंडास सांभाळून अभ्यास पुरा करणारी एखादी मुलगी असते. तिच्या श्रमांची नोंद प्रगतिपुस्तकात व शाबासकी सर्वांसमक्ष याच सत्रात द्यावी, ही विनंती.