छत्र्या, ताडपत्र्या आणि धावपट्टी

शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवारी-रविवारी दुपारी जमिनीवर उघड्या छत्र्या मांडलेल्या दिसतात, पाऊस असो वा नसो. प्रत्येक छत्रीवर एक कागद: वय, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर आहे का, शहरातली अधिकृत रहिवासी नोंदणी आहे का. शेजारी आई-वडील बसलेले. ज्यांचं लग्न जमवायचं ती मुलं-मुली बहुतेक वेळा तिथे नसतातच. काहींना तर आपला कागद तिथे लागलाय हेही ठाऊक नसतं. आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यात निदान उमेदवाराला स्टेजवर उभं तरी करतात! २००४-०५च्या सुमारास हा 'बाजार' सुरू झाला. त्याआधी कधीकाळी याच जागेवर घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. बाग झाली १९५२ साली.

तोक्योच्या उएनो पार्कमध्ये साकुरा फुलला की झाडांखाली निळ्या ताडपत्र्या पसरतात. ऑफिसच्या संध्याकाळच्या पार्टीसाठी जागा धरून बसण्याचं काम अर्थातच नव्या पोराकडे.

पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत हिरवी लोखंडी खुर्ची हवी तिथे ओढून बसा, पण बहुतेक हिरवळींवर पाय ठेवायचा नाही.

बर्लिनकर आपल्या मोकळ्या जागेबाबत भलतेच हट्टी. टेम्पेलहोफ विमानतळ २००८मध्ये बंद झाला, २०१०पासून धावपट्टीवर सायकली आणि पतंग आले. कडेच्या जागेत घरं बांधायचा सरकारी बेत होता. शहरात घरांची चणचण असूनही २०१४च्या सार्वमतात लोकांनी तो फेटाळला.